शनिवारी रॉचेस्टर ते क्लीव्हलंड : लेक इफेक्टचा इशारा आहे, निघावं की नाही?

हळदीचं_पान | बुधवार, रात्री ९:५०

मंडळी, सल्ला हवाय आणि जरा घाईचा आहे.

आम्ही न्यू यॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला असतो. धाकटी बहीण क्लीव्हलंडच्या पूर्वेला, मेंटॉरला. तिच्या लेकाचं पहिलं बोरन्हाण शनिवारी दुपारी चारला ठेवलंय. सोमवारी मार्टिन ल्यूथर किंग डेची सुट्टी म्हणून हा वीकांत निवडला, पंचवीसेक माणसं बोलावली आहेत. हलव्याचे दागिने माझ्याकडे आहेत. मुकुट, हार, बाजूबंद, बासरी, सगळं. सासूबाईंनी सांगलीहून येताना विमानात मांडीवर ठेवून आणलंय. काळं झबलंही माझ्याकडेच. बहिणीने हॉल सजवलाय, फोटोग्राफर ठरवलाय, आणि दिवसातून दोनदा फोन करून 'ताई, दागिने नीट आहेत ना?' विचारते.

रस्ता नेहमीचा, आय-९० या इंटरस्टेट महामार्गावरून बफेलो, एरी आणि मग ओहायो. अडीचशे मैलांच्या आसपास, एरवी चार तास. गाडीत मी, नवरा, चार वर्षांची मुलगी आणि सासूबाई. साधी फ्रंट व्हील ड्राइव्ह सेडान, टायर ऑल-सीझन.

हवामान खात्याने शुक्रवार रात्रीपासून शनिवार रात्रीपर्यंत वाटेवरच्या शटॉक्वा काउंटी आणि एरीसाठी विंटर स्टॉर्म वॉच (वादळाच्या शक्यतेचा इशारा) लावलाय. आठ ते चौदा इंच म्हणतायत. रॉचेस्टरला मात्र शनिवारी चक्क ऊन दाखवतंय!

नवरा म्हणतो शनिवारी सकाळी उठून बघू. सासूबाई म्हणतात, 'तुमचं तुम्ही ठरवा.' (याचा अर्थ सुज्ञांस सांगणे न लगे.)

---

निवांत_पाटील | बुधवार, रात्री १०:१५

जा की बिनधास्त. आमच्या मिनेसोटात चौदा इंचाला शाळासुद्धा बंद होत नाही. सावकाश चालवा, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा, ब्रेक हळू दाबा. इंटरस्टेट कायम साफ असतात. आम्ही उणे पंचवीसला मुलांना पोहायच्या क्लासला नेतो.

---

शेवग्याची_शेंग | बुधवार, रात्री १०:३२

पाटील, मुलं उणे पंचवीसला पोहतात हे वाचूनच मला हुडहुडी भरली.

हळदीचं पान, तुझी पोस्ट परत वाच बरं. दागिने, झबलं, हॉल आणि फोटोग्राफर यांना अख्खा परिच्छेद मिळालाय. बर्फाला दोन ओळी.

---

बफेलोकर | बुधवार, रात्री ११:२०

पाटील, दिवे घ्या, पण मिनेसोटाचा अनुभव इथे जसाच्या तसा लागू होत नाही. तुमच्याकडे उणे वीसला पडलेला कोरडा बर्फ टायरखाली करकरतो आणि पकड देतो. आमच्याकडे पारा गोठणबिंदूच्या आसपास घुटमळत असतो. तेव्हा दबलेल्या बर्फावर पाण्याचा बारीक पापुद्रा राहतो आणि बर्फाची सगळ्यांत निसरडी अवस्था तीच. थंडी जितकी जास्त तितका रस्ता वाईट, असं समीकरण नसतं. (तुमच्याकडे अडचण वेगळी असते. साधं मीठ १५ फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे ९ सेल्सिअसच्या खाली फारसं कामाचं राहत नाही.)

हळदीचं पान, तू इंचांकडे बघू नकोस. चौदा इंच चोवीस तासांत सावकाश पडले तर थ्रूवेचे (आय-९० चा न्यू यॉर्कातला भाग) प्लाउ, म्हणजे बर्फ ढकलणाऱ्या गाड्या, ते आरामात उचलतात. लेक इफेक्टचा बर्फ तसा पडत नाही. थंड वारा उघड्या, उबदार तळ्यावरून येताना वाफ पितो आणि किनारा आला की ओकतो. त्याचे अरुंद, लांबच लांब पट्टे बनतात. दहा-वीस मैल रुंदीचे. पट्ट्याच्या अलीकडे ऊन, पलीकडे ऊन आणि मधे तासाला दोन-तीन इंच. कधी त्याहूनही जास्त. तिथे गाडी घसरण्याआधी माणूस आंधळा होतो. बॉनेटच्या पुढे पांढरी भिंत. पुढचा थांबलाय की चालतोय हे कळायला काही मार्ग नसतो, आणि आपल्या मागच्यालाही नसतो.

आता वारा कुठून आहे ते बघ. एरी तळं नैर्ऋत्य-ईशान्य असं आडवं पसरलंय. वारा नैर्ऋत्येचा असला की तळ्याच्या अख्ख्या लांबीवरून येतो आणि पट्टा थेट बफेलोवर बसतो. तो पश्चिमेला किंवा वायव्येला वळला की पट्टे खाली सरकतात. शटॉक्वा, रिप्ली, एरी शहर, ॲशटाबुला आणि तुझ्या बहिणीचं मेंटॉर. म्हणजे वारा दिवसभरात फिरला तर तो तुझ्याच रस्त्यावरून, तुझ्याच दिशेने, तुझ्याबरोबर प्रवास करणार. रॉचेस्टरच्या उन्हाला इथे काडीची किंमत नाही.

तळं गोठलं असतं तर निम्मा प्रश्न मिटला असता. एरी उथळ आहे, सरासरी खोली १९ मीटर, त्यामुळे जानेवारीअखेर-फेब्रुवारीत बरेचदा त्यावर बर्फाचं झाकण बसतं आणि हा कारखाना मंदावतो. यंदा अजून पाणी उघडं आहे.

---

घाटवळण | गुरुवार, सकाळी ६:०५

पुण्यातून वाचतोय. बर्फाशी आपला संबंध मनालीपुरता. दोन प्रश्न आहेत, हसू नका.

१. चाकांना साखळ्या का लावत नाही तुम्ही लोक? अटल बोगद्याच्या अलीकडे बर्फ पडला की पोलीस फोर-बाय-फोर नसलेल्या, साखळ्या नसलेल्या गाड्या सरळ परत पाठवतात. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग आणि बोगद्याच्या दरम्यान पर्यटकांच्या हजारेक गाड्या अडकल्या होत्या, त्यात एमएच पासिंग काही कमी नसणार.

२. ती पांढरी भिंत, व्हाइटआउट, म्हणजे कसाऱ्याच्या धुक्यासारखं का?

---

बफेलोकर | गुरुवार, सकाळी ७:४०

हसत नाही. साखळ्या डोंगरात. कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडातून आय-८० ने जाताना चेन कंट्रोल लागतं तेव्हा बंधनच असतं. आमचा थ्रूवे सपाट आहे आणि मीठ टाकलेला असतो. साखळ्या लावून ताशी तीस मैलांच्या वर जाता येत नाही, शिवाय मधेमधे उघडं डांबर लागलं की त्या तुटतात.

धुक्याचं म्हणाल, तर कसाऱ्यात धुक्याचा अंदाज येतो, ते हळूहळू दाटतं. इथे पडदा पडल्यासारखं होतं. शिवाय कसाऱ्यात रस्ता कुठे आहे हे तरी कळतं. इथे लेनच्या रेषा, कडा, रस्त्याचा खांदा, सगळं एकाच रंगाचं.

---

शाल्मली_स्टुटगार्ट | गुरुवार, सकाळी ८:१०

टायरबद्दल कोणीच कसं बोललं नाही अजून?

ऑल-सीझन म्हणजे अमेरिकेत काय विकतात ते बघून घे. बाजूला नुसतं एम+एस लिहिलेलं असेल तर त्या अक्षरांवर विसंबू नकोस. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमाची चांदणी असं चिन्ह हवं. ते बर्फावरची पकड तपासल्यावरच मिळतं. आमच्याकडे जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून कायदाच आहे, हिवाळी रस्त्यावर ते चिन्ह असलेलेच टायर चालतात, जुन्या एम+एसची सूट संपली. नाहीतर ६० युरो दंड आणि लायसन्सवर एक पॉइंट. कॅनडात क्विबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत.

सात अंश सेल्सिअसच्या खाली साध्या टायरचं रबर कडक व्हायला लागतं. आणि खाचा मोज. कायद्याला १.६ मिमी पुरतात, बर्फाला चार हव्यात.

---

निवांत_पाटील | गुरुवार, सकाळी ९:००

म्हणूनच म्हणतो, ऑल व्हील ड्राइव्ह घ्या. आमच्याकडे गेली कित्येक वर्षं तीच गाडी, टायर कधी बदलले नाहीत, कुठे अडकलो नाही.

---

शाल्मली_स्टुटगार्ट | गुरुवार, सकाळी ९:१२

निघायला चार चाकं लागतात पाटील, मान्य. थांबायला प्रत्येक गाडीला चारच असतात. ब्रेक मारल्यावर तुमचं ऑल व्हील काय करतं?

---

निवांत_पाटील | गुरुवार, सकाळी ९:१५

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

ध्रुवपद | गुरुवार, सकाळी ९:५०

अवांतर: आमची गाडी विजेची आहे. थंडीत हीटरमुळे रेंज चांगलीच घटते हे माहीत आहे, पण बर्फात अडकलो तर रात्रभर तग धरेल का? पेट्रोलवाले कायम टोमणे मारतात.

---

बफेलोकर | गुरुवार, सकाळी १०:२५

बॅटरी भरलेली असेल तर नुसता हीटर बराच वेळ चालतो, धुराचा धोकाही नाही. प्रश्न असा की तुम्ही अडकता तेव्हा ती भरलेली नसते. बर्फातून येताना निम्मी संपलेली असते. निघताना पूर्ण चार्ज, आणि निम्म्याच्या खाली जाऊ द्यायची नाही.

पेट्रोलवाल्यांनी फार हसू नये. अडकलात तर आधी खाली उतरून सायलेन्सरच्या नळीभोवतीचा बर्फ काढायचा. नळी बुजली की कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो, वास नसतो, माणूस झोपेत जातो. इंजिन तासातून दहा मिनिटं चालवायचं, वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी ठेवायची, आणि दर वेळी चालू करण्याआधी पुन्हा नळी बघायची. आणि गाडी सोडून चालत निघायचं नाही. शंभर पावलांवरचं घरही सापडत नाही.

हे मी घाबरवायला लिहीत नाहीये. डिसेंबर २०२२ चा नाताळ आम्ही इथे काढलाय. सलग ३७ तास ब्लिझर्ड होतं. बफेलो आणि आसपास चाळीसहून जास्त माणसं गेली, त्यात काही आपापल्या गाडीत. एरी काउंटीने गाडी चालवायला बंदी घातली ती शुक्रवारी सकाळी साडेनऊला. तोवर लोक कामावर निघून गेले होते. नंतर त्यावर पुष्कळ टीका झाली. रुग्णवाहिका अडकल्या, प्लाउ अडकले, अडकलेल्यांना सोडवायला गेलेले अडकले.

(जाता जाता, एरी नावं बरीच आहेत, गोंधळू नका. तळं एरी, न्यू यॉर्कातली बफेलोची एरी काउंटी आणि पेनसिल्व्हेनियातलं एरी शहर. आणि त्या शहराची काउंटीही एरीच! इशारा वाचताना राज्य बघा.)

---

हळदीचं_पान | गुरुवार, दुपारी १२:४०

बापरे. धन्स सगळ्यांना. टायर पाहिले. एम+एस आहे, डोंगर-चांदणी नाही. नाण्याने खाच मोजली, बरी वाटते पण चार मिमी नक्की नाही.

नवऱ्याने नकाशात दुसरा रस्ता काढलाय. रॉचेस्टरहून आय-३९० ने खाली दक्षिणेला, मग आय-८६ ने पश्चिमेला, एरीपाशी पुन्हा आय-९०. तळ्यापासून लांब राहू असं त्याचं म्हणणं. तास-दीड तास जास्त लागेल. हे कसं वाटतं?

---

एरीकर_जोशी | गुरुवार, दुपारी १:३०

वहिनी, मी एरीत राहतो (शहर, पेनसिल्व्हेनिया). दादांना सांगा, आय-८६ चा शेवटचा तुकडा शटॉक्वाच्या कड्यावरून जातो. तळ्यावरची ओली हवा त्या चढावर चढते आणि तिथेच जास्त ओतते. किनाऱ्यावर चार इंच असतात तेव्हा वर फिंडली लेकला आठ असतात. एक्झिटही विरळ, वस्ती कमी, फोनची रेंज मधेच जाते. पट्टा चुकवायला गेलात तर नेमके त्याच्या पोटात शिराल. आय-९० वर निदान प्लाउ पुष्कळ आहेत.

आमच्याकडे २०१७ च्या नाताळला एका दिवसात ३४ इंच पडला होता. दाराबाहेरची गाडी शोधायला झाडूचा दांडा खुपसत होतो.

आणि अंदाज दोन ठिकाणचे वाचा. न्यू यॉर्कचा भाग हवामान खात्याचं बफेलो कार्यालय बघतं, एरी आणि मेंटॉर क्लीव्हलंड कार्यालयाकडे. आयकॉनवर हिमकण दिसला म्हणून थांबू नका, 'फोरकास्ट डिस्कशन' उघडा. तिथे शास्त्रज्ञ स्वतःच्या भाषेत लिहितात, की पट्टा कुठे बसेल याबद्दल आम्हाला किती खात्री आहे. खात्री कमी असली तर तेही सरळ लिहितात.

---

शेवग्याची_शेंग | गुरुवार, दुपारी २:१०

आता मूळ मुद्द्यावर येते. अगं, बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत कधीही करतात! हळदीकुंकवासारखंच. संक्रांतीलाच किंवा त्याच शनिवारी झालं पाहिजे असं कुठल्या आजीने सांगितलंय? रथसप्तमी अजून लांब आहे. पुढच्या शनिवारी ठेवा.

पंचवीस पाहुण्यांपैकी निम्मे तरी मेंटॉरच्याच बर्फात गाड्या काढणार आहेत, लहान पोरं घेऊन. ते बिचारे तुझ्या बहिणीला नाही म्हणायला लाजत असतील. तू फोन केलास तर सगळे सुटतील.

---

निवांत_पाटील | गुरुवार, दुपारी २:३५

हॉलचं भाडं? फोटोग्राफर? वॉच म्हणजे 'कदाचित', वॉर्निंग नाही. इतक्यात रद्द करणं म्हणजे अती होतंय. निघा, वाटेत वाईट वाटलं तर परत फिरा.

---

एरीकर_जोशी | गुरुवार, दुपारी ३:०५

वॉच म्हणजे कदाचित, वॉर्निंग म्हणजे येतंय किंवा आलंय, हे बरोबर. पण 'वाटलं तर परत फिरा' हे थ्रूवेवर कसं करणार? मधे दुभाजक. बफेलो सोडल्यावर सिल्व्हर क्रीक, डंकर्क, वेस्टफील्ड, रिप्ली. एकेका एक्झिटमधे दहा-पंधरा मैल. पट्टा लागला की पुढचा एक्झिट येईपर्यंत त्यातूनच जावं लागतं. आणि पुढे ट्रक आडवा झाला असेल तर तो एक्झिट येतच नाही. नोव्हेंबर २०१४ ला नायगारा विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची बस बफेलोजवळ याच थ्रूवेवर तीसेक तास अडकली होती, पिट्सबर्गहून सामना खेळून येताना. मोठी बस, अनुभवी ड्रायव्हर. जानेवारी २०२२ ला व्हर्जिनियात आय-९५ वर सिनेटर टिम केन २७ तास अडकले, आणि तिथे तर फूटभर बर्फ.

गुगलचा नकाशा हिरवा दिसला म्हणून खूश होऊ नका. रस्त्यावर कोणी नसलं की तो हिरवाच दिसतो. ५११ (राज्याची रस्त्यांच्या स्थितीची माहिती सेवा) बघा, राज्याचे कॅमेरे बघा. आणि सगळ्यांत चांगली खूण, थ्रूवेने आय-९० वर ट्रकना बंदी घातली का. ज्या दिवशी पट्टीचे ट्रकवाले बाहेर ठेवले जातात त्या दिवशी आपण सासूबाईंना घेऊन काय सिद्ध करणार?

---

सुलोचना_ताई | गुरुवार, संध्याकाळी ५:२०

मी सासूच्या वयाची आहे म्हणून लिहिते. 'तुमचं तुम्ही ठरवा' म्हणजे बहुधा 'मला भीती वाटते पण मी मोडता घातला असं व्हायला नको.' त्यांना सरळ विचार. शिवाय त्यांच्या रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या हाताशी आहेत का, दर दीड तासाला थांबावं लागतं का, हेही धर हिशेबात. थ्रूवेवर अडकल्यावर बाथरूम कुठून आणणार? यावर पुरुष मंडळी कधी बोलत नाहीत.

---

शेवग्याची_शेंग | गुरुवार, संध्याकाळी ५:४५

सुलोचनाताई +१००.

आणखी एक, जाणार असशील किंवा नसशील तरी. मुलीला फुगीर जाकीट घालून कार सीटचे पट्टे आवळू नकोस. धक्का बसला की जाकीट दबतं, पट्टे ढिले पडतात आणि मूल निसटतं. जाकीट काढून पट्टे आवळ, मग वरून उलटं पांघर.

---

बफेलोकर | गुरुवार, रात्री ८:५०

पाटलांचं 'शनिवारी सकाळी बघू' (बरोबर, ते हळदीचं पान यांच्या नवऱ्याचं आहे, पण पाटलांना शोभतं) याबद्दल लिहायचं राहिलं.

सकाळी बघू नका. सकाळी बॅगा दारात असतात, मुलगी तयार असते, बाहेर ऊन पडलेलं असतं. त्या क्षणी कोणीही 'नको' म्हणत नाही, खिडकीतून दिसतं तेच खरं वाटतं. आमच्या घरी नियम आहे. आदल्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला नवा अंदाज येतो, तो वाचून जेवायच्या आत ठरवायचं. वाटेवरच्या कुठल्याही काउंटीत वॉर्निंग असेल तर नाही. वॉर्निंग नसेल पण सोसाट्याचा वारा असेल तर फक्त दिवसाउजेडी. पाऊस पडताक्षणी रस्त्यावर गोठणार असेल, फ्रीझिंग रेन, तर काहीही झालं तरी नाही, त्यावर कुठलाही टायर चालत नाही. एकदा नाही ठरलं की सकाळी ऊन पडलं तरी निर्णय फिरवायचा नाही. फक्त 'हो'चं 'नाही' करायची मुभा.

आणि परतीचा अंदाज वाचला का? जाताना माणूस उत्साहात असतो, सावध असतो. येताना थकलेला असतो आणि मंगळवारी ऑफिस असतं. बहुतेक मूर्खपणा परतीच्या रस्त्यावर होतो.

---

हळदीचं_पान | शुक्रवार, संध्याकाळी ५:३५

चारचा अंदाज आला. वॉचचं लेक इफेक्ट स्नो वॉर्निंग झालं, शटॉक्वा आणि एरीला. वारा दुपारी वायव्येला वळणार असं लिहिलंय. मेंटॉरलाही वॉर्निंग.

सासूबाईंना सरळ विचारलं. म्हणाल्या, 'मला सांगली-कोल्हापूर रस्त्यावरसुद्धा पावसात भीती वाटते, पण दागिने मीच आणले म्हणून गप्प बसले.' सुलोचनाताई, तुम्हाला दंडवत.

बहिणीला फोन केला. आधी रडली. मग तिच्या नवऱ्याने फोन घेतला आणि म्हणाला की त्याच्या ऑफिसातल्या दोन कुटुंबांनी कालच त्याला हळूच विचारलं होतं, 'होतंय ना नक्की?' हॉलवाल्याने तारीख बदलून दिली. फोटोग्राफरचा ॲडव्हान्स गेला. पुढच्या शनिवारी.

---

निवांत_पाटील | शुक्रवार, संध्याकाळी ६:१०

बरं झालं म्हणायचं. फोटोग्राफरचे पैसे वाया गेले ते गेलेच.

---

एरीकर_जोशी | शनिवार, दुपारी १२:१५

ताजी खबर. पहाटेपासून वेस्टफील्ड ते एरी पट्टा बसलाय. घराबाहेर दहा इंच तरी आहे, मोजायला कोण जातंय. ट्रकना बंदी. तरी रिप्लीच्या अलीकडे एक ट्रक आडवा झालाय असं शेजारी सांगतो, पश्चिमेकडे जाणारी बाजू तासभर बंद होती. फोनवर दोनदा स्नो स्क्वॉलचा (अचानक येणाऱ्या जोरदार हिमझोताचा) भोंगा वाजला.

---

निवांत_पाटील | शनिवार, दुपारी ४:४०

कॅमेरे बघतोय. साडेतीनपासून रस्ता सुरळीत दिसतोय, बंदीही उठली. म्हणजे दुपारी निघाल्या असत्या तर रात्री आठला आरामात पोचल्या असत्या. सहज म्हणतो.

---

बफेलोकर | शनिवार, संध्याकाळी ५:०५

बोरन्हाण चारला होतं, पाटील.

---

एरीकर_जोशी | शनिवार, रात्री ९:३०

पट्टा वाऱ्याबरोबर पश्चिमेला सरकला म्हणून आमच्याकडे मोकळं झालं. संध्याकाळी ॲशटाबुला ते मेंटॉर चालू होता. तिथल्या मित्राने सांगितलं की शेरिफने लेव्हल टू जाहीर केली. ओहायोत तीन पायऱ्या असतात. एकला जपून, दोनला अत्यंत गरज असेल तरच, तीनला रस्ते सर्वसामान्यांना बंद, निघालात तर अटकही होऊ शकते. पाटील, तुमचे 'आरामात आठला' बरोबर तिथे पोचले असते.

---

घाटवळण | रविवार, सकाळी ७:५०

वाखुसा (वाचनखूण साठवली). फेब्रुवारीत अटल बोगद्यापलीकडच्या सिस्सूला जायचा बेत आहे, बायकोला हा धागा वाचायला दिलाय. ती म्हणते महाबळेश्वरला जाऊ.

एक शंका: लोक गाडीवरचा बर्फ पूर्ण का काढत नाहीत? व्हिडिओत बघतो तर टपावर फूटभर थर घेऊन सुसाट.

---

शाल्मली_स्टुटगार्ट | रविवार, सकाळी ८:३०

आळस, दुसरं काय. ब्रेक मारला की तो थर सरकून आपल्याच काचेवर येतो, किंवा अख्खी लादी उडून मागच्याच्या काचेवर. पेनसिल्व्हेनियात तर आता कायदा आहे, बर्फ थांबल्यापासून चोवीस तासांत गाडीवरचा साचलेला थर काढावा लागतो. दिवेही पुसायचे. हल्लीचे एलईडी दिवे गरम होत नाहीत, त्यांच्यावरचा बर्फ आपोआप वितळत नाही.

---

हळदीचं_पान | सोमवार, सकाळी १०:४५

सुट्टी आहे तर टायरच्या दुकानात चाललोय. डोंगर-चांदणीवाले चार घ्यायचे ठरलं. दोनच पुढे बसवले तर चालतील का? पुढची चाकंच तर गाडी ओढतात, असं नवऱ्याचं म्हणणं. आणि दुकानदार 'सेलमधले' देतो म्हणतोय, ते जुना माल नसतील कशावरून?

---

शाल्मली_स्टुटगार्ट | सोमवार, सकाळी ११:०५

दोन नको! पुढचे धरतील, मागचे घसरतील, वळणावर गाडी मागून फिरेल. चारही एकसारखे घ्या.

जुने आहेत का ते टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेल्या ओळीच्या शेवटी बघा, चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३५२४ असेल तर २०२४ च्या पस्तिसाव्या आठवड्यातला. चारही टायरवरचे आकडे वाचा, एकच बघून पैसे देऊ नका. ओळीत शेवटचे आकडे नसतील तर टायरची दुसरी बाजू बघा, पूर्ण ओळ एकाच बाजूला असते. तीनेक वर्षांहून जुने निघाले तर दुसरे मागा. आणि बसवल्यावर पन्नासेक मैलांनी नट पुन्हा आवळून घ्या, बहुतेक दुकानं ते फुकट करून देतात.